न्हाणीघरातील गिलावा आणि टाइलकाम

न्हाणीघरातील गिलावा आणि टाइलकाम ही घराच्या नूतनीकरणातील दोन परस्परावलंबी कामे होत. गिलावा म्हणजे भिंतीवर चढविलेला सिमेंट व वाळूच्या मसाल्याचा थर, तर टाइलकाम म्हणजे त्या थरावर बसविलेले चिनी मातीच्या वा विट्रिफाइड लाद्यांचे आवरण. ही कामे बहुधा दोन निरनिराळे कारागीर करतात आणि एकाची चूक दुसऱ्याच्या कामात उघडी पडते. लाद्या लावल्या की भिंत जलरोधक झाली, हा समज चुकीचा आहे. पाणी लाद्यांमधील सांध्यांतून आत शिरते. ते अडविण्याचे काम मागचा गिलावा आणि त्यावरील जलरोधक लेप यांचे असते.

चंद्रपूर व गडचिरोली भागातील पार्श्वभूमी

या भागातील जुन्या घरांत स्नानाची सोय घराबाहेर, परसात बांबूच्या तट्ट्याच्या आडोशाला असे. त्यामुळे येथील नूतनीकरण म्हणजे पुष्कळदा जुन्या भिंतीला टेकून नवे न्हाणीघर जोडणे होय. अशी भिंत कुडाची किंवा मातीच्या मसाल्यात रचलेल्या विटांची असली, तर तिच्यावर सिमेंटचा गिलावा टिकत नाही. माती ओलाव्याने फुगते, वाळल्यावर आक्रसते आणि कठीण गिलावा तिच्यापासून सुटतो. कुडाच्या भिंतीलगत विटांची स्वतंत्र भिंत उभारणे, हाच भरवशाचा मार्ग आहे. वीटकामाचे सांधे मातीचे असल्यास ते खोलवर खरवडून, भिंतीवर तारेची जाळी ठोकून मग मसाला लावतात. सागाचा खांब आणि वीटकाम जेथे मिळते तेथेही जाळी लागते. सिमेंटची मात्र येथे वाण नाही. चुनखडीच्या साठ्यांमुळे कोरपना तालुक्यातील आवारपूर, गडचांदूर व उपरवाही येथे सिमेंटचे मोठे कारखाने आहेत.

जाडीचा हिशेब

दोन कारागिरांतील बहुतेक वाद जाडीवरून होतात. साधारण लादी ८ मिमी जाड असते आणि तिच्यामागे चिकट मसाल्याचा ४ मिमी थर येतो. म्हणजे गिलाव्याच्या पुढे १२ मिमी. गिलावा १२ मिमी धरल्यास लादीचा पृष्ठभाग विटेपासून २४ मिमीवर येतो. लाद्यांच्या वरच्या भिंतीला नेहमीसारखा १५ मिमी गिलावा केला, तर लाद्या ९ मिमी पुढे राहतात आणि त्या कडेवर धूळ व ओल साचते. दोन्ही पृष्ठभाग एका पातळीत हवे असतील, तर सर्वत्र १२ मिमीचा खरखरीत पहिला थर देऊन, लाद्या बसल्यावर वरच्या भागात दुसरा १२ मिमीचा थर लादीच्या कडेशी मिळवून घेतात. यासाठी गवंड्याला दुसऱ्यांदा बोलवावे लागते. ही गोष्ट मजुरी ठरविताना बोलून घेतली नाही, तर तो येत नाही!

दाराची चौकट आणि नळाचे भिंतीतील अंग हेही गिलाव्याच्या नव्हे, तर लादीच्या अंतिम पृष्ठाशी जुळवावे लागतात. उंचीचेही तसेच. ३०० मिमीच्या सात ओळी आणि त्यांमधील २ मिमीचे सहा सांधे मिळून २११२ मिमी होतात. ही रेषा गिलाव्यापूर्वीच पाणसळीने चारही भिंतींवर आखली, तर वरच्या ओळीत लाद्या कापाव्या लागत नाहीत.

कामाचा क्रम

जुना थर काढून भिंतीत चर पाडणे, नळ व विजेच्या नळ्या बसविणे आणि नळांची दाबाखाली चाचणी घेणे ही कामे गिलाव्याआधीची. चाचणी टाळल्यास गळती कळते ती लाद्या बसल्यावर, आणि दुरुस्तीसाठी त्याच फोडाव्या लागतात. गिलाव्यासाठी सिमेंट व वाळूचे १:४ प्रमाण रूढ आहे. भारतीय मानक १६६१ हे गिलाव्याच्या कामाविषयी, तर १५४७७ हे लाद्यांच्या चिकट मसाल्याविषयी आहे. न्हाणीघरात लाद्यांमागे जिप्समचा गिलावा वापरू नये. तो ओलाव्याने मऊ पडतो.

गिलावा ओळंब्यात आहे की नाही, हे टाइल कारागिराने काम स्वीकारण्यापूर्वी पाहावे. दोन मीटरची सरळ पट्टी लावली असता तिच्याखाली ३ मिमीपेक्षा अधिक फट दिसू नये. चिकट मसाल्याच्या पातळ थराने वाकडी भिंत सरळ होत नाही. त्यानंतर जलरोधक लेप, जमिनीवर किमान २४ तास पाणी साठवून चाचणी, आणि मग लाद्या. भिंतीची सर्वांत खालची ओळ रिकामी ठेवून जमिनीचे काम संपल्यावर ती भरतात, म्हणजे भिंतीची लादी जमिनीच्या लादीवर टेकते. जमिनीचा उतार ‘नहाणी ट्रॅप’कडे असतो, देशभरातील प्लंबर वापरत असलेल्या या नावात आपली ‘न्हाणी’ टिकून आहे.

जुन्या पद्धतीत लाद्या पाण्यात भिजवून ताज्या गिलाव्यावर सिमेंटच्या लगद्याने बसवीत. पाणी शोषणाऱ्या सिरॅमिक लाद्यांना ती पद्धत चालते. विट्रिफाइड लादी जवळजवळ पाणी शोषत नाही, म्हणून ती लगद्याला धरत नाही आणि कालांतराने पोकळ वाजू लागते.

ऋतू आणि सामान

चंद्रपुरात मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या वर जाते. अशा उन्हात गिलाव्यावर दिवसातून अनेकदा पाणी मारावे लागते आणि ही तराई किमान सात दिवस चालते. त्यानंतर आक्रसणे ओसरेपर्यंत, गिलावा केल्यापासून सुमारे दोन आठवडे, चिकट मसाल्याने लाद्या लावू नयेत. पावसाळ्यात तराई आपोआप होते, पण भिंत वाळत नाही आणि नदीपात्रातून वाळूही मिळत नाही. त्यामुळे वैनगंगेची वाळू उन्हाळ्यातच आणून, चाळून झाकून ठेवण्याची रीत आहे.

लाद्या मुख्यतः गुजरातेतील मोरबीहून येतात. एकाच नमुन्याच्या दोन खेपांत रंगछटेचा फरक असतो. म्हणून खोक्यावरील छटाक्रमांक पाहून मोजमापापेक्षा ५ ते १० टक्के माल जास्त घेतात. भामरागड, एटापल्ली वा सिरोंचा येथे एका खोक्यासाठी पुन्हा जिल्ह्याच्या गावी जाणे लाद्यांहून महाग पडते. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटल्याच्या घटना अनेक पावसाळ्यांत घडल्या आहेत. तेथील काम जूनपूर्वी लाद्यांच्या सांधेभरणीपर्यंत आणावे लागते.