वाळूची संसक्ती : कोरडी, ओली व खेळण्याची वाळू

वाळूची संसक्ती : कण परस्परांना धरून राहण्याच्या गुणास संसक्ती म्हणतात. कोरड्या वाळूत हा गुण जवळजवळ नसतो. तिचे कण केवळ घर्षणाने थोपून राहतात, म्हणून तिच्या ढिगाचा उतार सामान्यतः सु. ३०° ते ३५° पेक्षा अधिक होत नाही. या मर्यादेस विश्राम कोन म्हणतात. तीच वाळू किंचित ओली केली की तिची उभी भिंत रचता येते. कणांच्या स्पर्शबिंदूंभोवती पाण्याचे सूक्ष्म सेतू तयार होतात व पृष्ठताणामुळे ते कणांना एकमेकांकडे ओढतात. परंतु सर्व पोकळ्या पाण्याने भरल्या, तर हवा व पाणी यांमधील पृष्ठभागच उरत नाही आणि संसक्ती नाहीशी होते. तेव्हा पाणी वाळूला बांधते की मोकळे करते, हे त्याच्या प्रमाणावर अवलंबून असते.

या गुणाचा व्यावहारिक उपयोग फार जुना असावा. ईजिप्तमधील दैर अल्-बर्शा येथील जेहुतिहोतेप याच्या थडग्यात (इ. स. पू. सु. १९००) एक प्रचंड पुतळा घसरगाड्यावरून ओढून नेणाऱ्या १७२ माणसांचे चित्र असून गाड्याच्या पुढे एक जण द्रव ओतताना दाखविला आहे. हा धार्मिक विधी असावा, असे मानले जाई. २०१४ मध्ये ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील भौतिकीविज्ञांनी लहान प्रमाणावर प्रयोग करून दाखविले की, योग्य प्रमाणात ओलविलेल्या वाळूवर गाडा ओढण्यास कोरड्या वाळूच्या मानाने सु. निम्मे बल पुरते, कारण गाड्यापुढे वाळूचा ढीग साचत नाही. अर्थात चित्रातील वाट वाळूचीच होती, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

शास्त्रीय विचाराला चालना मिळाली ती तटबंदीच्या कामांतून. मार्तिनीक बेटावर किल्ल्याचे बांधकाम पाहिलेले फ्रेंच लष्करी अभियंते शार्ल ऑग्यूस्तीन द कुलंब यांनी १७७३ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे निबंध वाचून मातीचा विरोध घर्षण व संसक्ती अशा दोन घटकांत विभागला. ही विभागणी अद्याप अभियंत्यांच्या उपयोगी पडते. समुद्रकाठच्या ओल्या वाळूवर पाय ठेवताच भोवतालची वाळू कोरडी पडल्यासारखी का दिसते, याचा उलगडा ऑझ्बर्न रेनल्ड्झ यांनी १८८५ मध्ये केला : घट्ट बसलेले कण दाबामुळे सरकताना एकमेकांपासून दूर होतात, पोकळ्या वाढतात व पृष्ठभागावरील पाणी आत ओढले जाते.

सैल वाळूत याच्या नेमके उलट घडते व तेच घातक होय. हादऱ्याने तिचे कण जवळ येऊ पाहतात. पाण्याला मात्र तितक्या त्वरेने निघून जाता येत नाही. त्याचा दाब वाढून कणांचा परस्परांवरील भार सुटतो आणि वाळू द्रवासारखी वागते. कार्ल टेर्झागी यांनी १९२५ मधील आपल्या ग्रंथात पोकळ्यांतील पाण्याच्या दाबाला मृदायामिकीत महत्त्वाचे स्थान दिले होते. तथापि द्रवीभवनाचा धोका सर्वांच्या लक्षात आला तो १९६४ च्या नीइगाता (जपान) येथील भूकंपाने. तेथे निवासी इमारती फारशा न भंगता कलंडल्या. पायाखालची वाळू सरकणे हा वाक्प्रचार तेथे अक्षरशः खरा ठरला. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छच्या रणातही वाळूमिश्रित पाण्याचे उमाळे फुटले.

खेळण्याची साच्यात बसणारी वाळू हे या ज्ञानाचे निरुपद्रवी अपत्य आहे. मिलिमीटर आकाराच्या कणांवरील नॅनोमीटर जाडीचा द्रवथरही विश्राम कोन पुष्कळ वाढवितो, असे १९९७ मध्ये प्रयोगाने दिसून आले होते. या वाळूत सु. ९८ टक्के बारीक वाळू व २ टक्के सिलिकोन तेल असते. पाण्याचे सेतू उन्हाने वाळतात व वाळूचा किल्ला ढासळतो. सिलिकोन तेल मात्र जवळजवळ उडून जात नाही. त्यामुळे मोडलेला आकार पुन्हापुन्हा घडविता येतो. खेळण्याच्या दुसऱ्या एका प्रकारात कणांवर जलविरोधी लेप दिलेला असतो. अशी वाळू पाण्याखाली एकत्र गोळा होते आणि बाहेर काढताच कोरडी निघते.