सोळा आण्यांचा गुंठा

वडखळ नाक्यावर अडकला नाहीत, असा मुंबईकर सापडणं कठीण. गोव्याकडे जाणारा रस्ता सरळ, अलिबागचा उजवीकडे, आणि मध्ये गाड्यांचा गोंधळ. तुम्ही काच खाली करून हॉर्न वाजवत असता, तेव्हा रस्त्याच्या पलीकडे हार्डवेअरच्या दुकानात एक वेगळाच गोंधळ चाललेला असतो. गिऱ्हाईक म्हणतं, "चार सुती सळई द्या." दुकानदार बारा मिलिमीटरची काढून देतो. कुणालाच काही खटकत नाही.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. हातात येते ती १२ ची. तीन सुती म्हणजे ९.५, मिळते १० ची. म्हणजे एका सळईत थोडं गेलं, दुसरीत थोडं आलं. डोलवीचा पोलाद कारखाना इथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथली सगळी भाषा मिलिमीटरची, आणि फाटकाबाहेर पडलं की सूत, फूट, ब्रास. साडी अजून नऊवारीच असते, आणि वार म्हणजे यार्ड. ८.२३ मीटरची साडी मागणारी बाई मला तरी भेटलेली नाही.

मापांच्या घोळावर लिहायचं म्हटलं की नासाने मंगळावर घालवलेलं ते यान येतंच. ते मी बाजूला ठेवतो. माझ्याकडे घरचं उदाहरण आहे, आणि चूक माझी आहे.

२०१७ मध्ये मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आमची वडखळजवळ खारेपाटात भातजमीन आहे, २६ गुंठे. आजोबांच्या वहीत स्पष्ट लिहिलेलं होतं: निम्मी मुलाला, निम्मी मुलीला. म्हणजे १३ गुंठे बाबांना, १३ आत्याला. आमच्याकडे बहुतेक घरांत बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात आणि तिला साडी नेसवून परत पाठवतात. आजोबांनी तसं होऊ दिलं नाही, आणि बाबांनीही त्यांचा शब्द पाळायचं ठरवलं. वाटणीचा कागद करायचा, तर आकडे मेट्रिकमध्ये हवेत, कारण सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं. बाबा म्हणाले, "तू इंजिनिअर होतोयस ना? मग कर हिशोब."

मी स्प्रेडशीट उघडली. एक गुंठा म्हणजे एक आर, एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. नाक्यावरचा एजंट, शेजारचे काका, सगळे असंच धरतात. १३ गुणिले १००. आत्याचे १३०० चौरस मीटर. सातबाऱ्यावर एकूण ०-२६-३०, म्हणजे २६३०. उरलेले १३३० बाबांचे. त्या उरलेल्या तिसाकडे मी पाहिलं होतं, हे मला आठवतं. मला वाटलं, जुन्या मोजणीतली काहीतरी चूक असेल.

चूक जुन्या मोजणीत नव्हती. जुनी मोजणी फार चोख होती, आणि तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

सभासदाच्या बखरीत शिवकालीन जमीनमोजणीचं वर्णन येतं. पाच हात आणि पाच मुठींची एक काठी. हात चौदा तसूंचा. हात आणि मुठी मिळून काठी ८२ तसूंची. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद असा एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. मला यात आवडतं ते हे, की 'हात' म्हणून भागलं नाही. कुणाचा हात? पाटलाचा की कुळाचा? म्हणून हात किती तसूंचा तेही सांगून ठेवलं. पाच हातांचे ७० तसू, वरचे १२ मुठींचे. त्या १२ तसूंवर केवढी भांडणं मिटली असतील, किंवा पेटली असतील.

पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारने स्वतःची मोजणी सुरू केली. प्रिंगल या अधिकाऱ्याचा पहिला प्रयत्न फसला. मग १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली. (हे इंदापूर पुणे जिल्ह्यातलं. आपल्या हायवेवरचं, माणगावजवळचं नव्हे. मीही आधी खूश झालो होतो.) त्यातून जी पद्धत ठरली, तिचं हत्यार म्हणजे ३३ फुटांची साखळी.

३३ च का? इंग्लंडमध्ये एडमंड गुंटरने १६२० साली ६६ फुटांची साखळी रूढ केली होती. एकर या मापाशी ती बरोबर जुळते: दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. आपल्याकडची साखळी तिच्या बरोबर निम्मी. ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणजे बरोबर एक एकर. कुठेही काही उरत नाही. प्रोग्रॅमरला अशा आकड्यांनी फार बरं वाटतं.

आणि मग खास आपला भाग. या साखळीचे सोळा भाग केले आणि त्यांना नाव दिलं आणे. रुपयाचे सोळा आणे, तसे साखळीचे सोळा आणे. एक आणा म्हणजे २४.७५ इंच. लंडनचा फूट आणि गावातल्या बाजारचा आणा एकाच लोखंडात ओवले गेले. ज्याला दशांश येत नव्हते, पण पावणेसात आण्यांचा हिशोब तोंडी येत होता, त्याला शेताची मोजणी समजली. निदान आपल्याला फसवतायत का, एवढं तरी समजलं. भूमी अभिलेखच्या दप्तरात जुनी टिपणं असतात. शेताची हाताने काढलेली आकृती, आणि तिच्या बाजूंवर साखळी-आण्यात लिहिलेली मापं. त्यापुढे गुणाकार बुक, ज्यात त्या मापांवरून क्षेत्रफळ कसं काढलं ते पायरीपायरीने असतं. म्हणजे उत्तर तर आहेच, पण उत्तर कसं आलं तेही जपलेलं आहे. माझ्या ऑफिसात सहा महिन्यांपूर्वीच्या कोडबद्दल एवढी माहिती मिळत नाही.

स्वातंत्र्यानंतर हे सगळं बदलायचं ठरलं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. पाठोपाठ, १९५६ च्या कायद्यानुसार, ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम आणि मग मीटर. गणिताच्या दृष्टीने निर्णय उत्तमच होता. पण बदल होतो तेव्हा रूपांतराचं कोष्टक लागतं, आणि कोष्टकात पूर्णांक लागतात. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. पाव पैशाचं नाणं नव्हतं. म्हणून सरकारी कोष्टक असं: एक आण्याचे ६ पैसे, दोनाचे १२, तिनाचे १९, चाराचे २५. चार आणे एकदम बदलले तर काही बुडत नाही. एकेक आणा सोळा वेळा बदललात तर हातात ९६ पैसे येतात. रुपयातले चार पैसे गेले, आणि चोरी कुणीच केलेली नाही.

नाणं तर गेलं. साखळीतला आणा मात्र टिपणांत राहिला. त्याचं रूपांतर कागदावर नीट झालं: ३३ फूट म्हणजे १०.०५८४ मीटर, एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. २६ गुंठ्यांचे बरोबर २६३० चौरस मीटर. आमच्या सातबाऱ्यावर तेच होतं. सोपं रूपांतर झालं ते लोकांच्या तोंडात. ३३ फूट म्हणजे दहा मीटर. साखळीमागे तीन-चार बोटं सोडून दिली की गुंठ्याचा आर होतो. एका गुंठ्याला सव्वा चौरस मीटरसुद्धा जात नाही, कोण बोलणार? एकराला मात्र ४७ चौरस मीटर, जवळजवळ अर्धा गुंठा. हायवेला लागून अर्धा गुंठा म्हणजे दोन दुकानगाळे.

मला हे कळलं ते फार उशिरा, आणि तेही पुण्यात एसीमध्ये बसून. आता मी नकाशांच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. गेल्या वर्षी एक बग माझ्याकडे आला: जुन्या नकाशावरून घेतलेले बिंदू नव्या नकाशावर सरकत होते. शोधत शोधत मी ईपीएसजी नावाच्या जागतिक यादीपर्यंत पोचलो. जगातली सगळी नकाशामापं त्यात क्रमांक देऊन नोंदवलेली असतात. तिथे 'भारतीय फूट' सापडला. एक नाही, चार. क्रमांक ९०८० ते ९०८३.

झालं असं, की १९ व्या शतकात जॉर्ज एव्हरेस्टने भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून पृथ्वीचा आकार काढला, तो फुटांत. विषुववृत्ताची त्रिज्या २,०९,२२,९३१.८ फूट. पण सर्वेक्षणातला फूट ब्रिटनमधल्या फुटापेक्षा किंचित लहान आहे, हे क्लार्क या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये काढलं. त्यात यार्डचे नेमके किती मीटर, यावरही मतं बदलत गेली. म्हणून १९३७ चा भारतीय फूट ०.३०४७९८४१ मीटर, १९६२ चा ०.३०४७९९६, १९७५ चा ०.३०४७९९५. आणि जगभर आज चालतो तो बरोबर ०.३०४८, जो इंग्रजी बोलणाऱ्या सहा देशांनी १९५९ मध्ये आपसांत ठरवला.

या फुटांमधला फरक केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी आहे. पण दोन कोटी फुटांनी गुणलं की १९३७ च्या फुटाने पृथ्वीची त्रिज्या ६३,७७,२७६.३४५ मीटर येते आणि १९६२ च्या फुटाने ६३,७७,३०१.२४३. पंचवीस मीटरचा फरक, आणि फूट तोच. त्यातही गंमत म्हणजे मेट्रिक झाल्यावर पाकिस्तानने १९६२ चा आकडा धरला आणि भारताने १९७५ चा. एकाच एव्हरेस्टची पृथ्वी सीमेपलीकडे दोन मीटरने जाड आहे. वाटणीत आकडेही वाटले जातात म्हणायचे.

बग सुटला. कोणता फूट ते कोडमध्ये लिहून टाकलं, सोबत चार ओळींची टीप जोडली. आणि टीप लिहिता लिहिता एकदम ते तीस चौरस मीटर आठवले. २६३० वजा १३००. मी फोनवरच गुणाकार केला. १३ गुंठे म्हणजे १३१५.२३ चौरस मीटर. आत्याला १३०० मिळाले होते. कमी पडले सव्वापंधरा चौरस मीटर, म्हणजे साधारण १६४ चौरस फूट. दहा बाय सोळाची टपरी. आणि ती टपरी बाबांच्या बाजूला उभी होती.

मी बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सगळेच गुंठ्याला आर धरतात रे." हे खरंच होतं. पण सगळे धरतात तेव्हा उरलेलं ज्याच्याकडे राहायचं त्याच्याकडेच राहतं. ज्याला मोजून द्यायचं, त्याच्या वाट्यातून जातं. ज्याच्याकडे 'बाकीचं' येतं, त्याला न मागता मिळतं. आमच्या कागदात आत्याचं क्षेत्र मोजून लिहिलं होतं आणि बाबांच्या पुढे 'उर्वरित' होतं. क्रम उलटा असता, तर आज बाबा कमी पडले असते. पण आमच्याकडे कागदात मोजून द्यायचं असतं ते बहिणीला, आणि उर्वरित असतं भावाचं. स्प्रेडशीटच्या सेलमध्ये हे कुठे दिसत नाही.

दिवाळीत आम्ही दोघं आत्याकडे गेलो. ती आता पंचाहत्तरीला टेकली आहे. मी कागदावर दोन्ही गुणाकार मांडून दाखवले. तिने चष्मा लावून ते पाहिले आणि हसायलाच लागली. नवे पैसे आले तेव्हा ती लहान होती. जुने आणे अजून चालत होते. आजी तिला दुकानात पाठवायची तेव्हा बजावायची, की एक आणा सुट्टा बदलून घेऊ नकोस, चार साठले की मग जा. "एका आण्याला सहाच द्यायचा," ती म्हणाली. "चार नेले की पंचवीस. मी आपली डब्यात साठवून ठेवायची." मग बाबांकडे बघून म्हणाली, "तू तेव्हा जन्मालाही आला नव्हतास."

बाबा म्हणाले, "ताई, दुरुस्ती करून घेऊ. पुन्हा मोजणीचा अर्ज टाकतो."

"अर्ज टाक. पण आधी मला दाखव, कुठे आहे ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं शेतावर गेलो. कापणी झाली होती. दोन हिश्श्यांमधली हद्द चाळीस मीटर लांब, म्हणजे दगड सरकवायचा तो सव्वा फूट. मी टेप घेऊन गेलो होतो, एका कडेला सेंटिमीटर आणि दुसऱ्या कडेला इंच असलेली, आपल्याकडे सगळ्याच असतात तशी. बाबांनी दगडापाशी एक टोक धरलं. मी दुसरं टोक बाबांच्या जमिनीत सरकवलं आणि ३८ च्या खुणेवर बोट ठेवलं.

आत्या बांधावरून वाकून बघत होती. म्हणाली, "उलटी कर ती पट्टी. इंचांची बाजू वर घे."