बगदादचा करार आणि बगदादची जनता

करारावर सह्या होतात त्या राज्यकर्त्यांच्या; तो तगतो मात्र जनतेच्या संमतीवर. या गोष्टीचा विसर पडला की काय घडते, हे जुलै १९५८ मध्ये इराकने दाखवून दिले.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी इराकचे राज्य घडविले आणि १९२१ मध्ये हाशिमी घराण्यातील फैसल यांना गादीवर बसविले. १९३२ मध्ये देश स्वतंत्र झाला. परंतु १९३० च्या तहान्वये हब्बानिया व शुऐबा येथील हवाई तळ ब्रिटिशांकडेच राहिले. १९४१ मध्ये रशीद अली अल-गैलानी यांनी ब्रिटिशविरोधी सत्ता स्थापन करताच भारतातून नेलेल्या पलटणी बसऱ्यास उतरल्या आणि परागंदा राजप्रतिनिधी अब्दुल इलाह बगदादला परतले. परकीय संगिनींच्या आश्रयाने आलेली ही सत्ता लोकांच्या मनातून तेव्हाच उतरली. १९४८ मध्ये ब्रिटनशी झालेला पोर्टस्मथचा नवा तह जनतेने रस्त्यावर रक्त सांडून हाणून पाडला.

तरीही पंतप्रधान नुरी अल-सईद यांनी २४ फेब्रुवारी १९५५ रोजी तुर्कस्तानशी बगदाद करार केला. ब्रिटन, पाकिस्तान व इराण त्याच वर्षी त्यात सामील झाले. सोव्हिएत संघाला पायबंद घालणे हा कराराचा हेतू होता. सामान्य इराकी माणसाला मात्र मॉस्कोपेक्षा लंडनचा जाच परिचयाचा होता. १९५६ मध्ये फ्रान्स व इस्रायल यांच्यासह ब्रिटनने इजिप्तवर आक्रमण केले आणि नुरींची मैत्री लोकांना द्रोहासमान वाटू लागली. कैरोच्या नभोवाणीने या संतापाला नासर यांचा आवाज दिला.

१४ जुलै १९५८ रोजी जॉर्डनकडे धाडलेल्या फौजेने वाटेत बगदादच ताब्यात घेतले. तेवीस वर्षांचे राजे दुसरे फैसल व अब्दुल इलाह मारले गेले. दुसऱ्या दिवशी नुरींचीही तीच गत झाली. धास्तावलेल्या अमेरिकेने लेबनॉनमध्ये आणि ब्रिटनने जॉर्डनमध्ये सैन्य उतरविले. मार्च १९५९ मध्ये इराक करारातून बाहेर पडला. बगदादच्या करारात बगदादच उरले नाही.

मात्र तख्त उलथविणारा संताप नव्या राज्याची घडी बसवू शकला नाही. उठावाचे एक सूत्रधार अब्दुल सलाम आरिफ यांना इजिप्तशी एकीकरण हवे होते. दुसरे सूत्रधार अब्दुल करीम कासिम यांना ते नको होते. काही महिन्यांतच आरिफ तुरुंगात गेले. त्यांना झालेली देहान्ताची शिक्षा कासिम यांनी अमलात आणली नाही. १९६१ मध्ये सीरियाही इजिप्तशी झालेल्या संघराज्यातून फुटून निघाला. फेब्रुवारी १९६३ मध्ये बाथ पक्षाच्या उठावात कासिम यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि अध्यक्षपदी आरिफ आले. त्याच नोव्हेंबरात आरिफ यांनी बाथ पक्षालाही सत्तेबाहेर काढले.

ब्रिटिशांना घालविण्याविषयी या सर्वांचे एकमत होते. त्यांच्यानंतरचा इराक कसा असावा, हे मात्र जनतेला विचारण्याची गरज यांपैकी एकालाही वाटली नाही.