शंभर कोटी आणि एक हजार रुपये

जानेवारी २०२० मधली गोष्ट. मराठवाड्यातील कामांचा आढावा घेताना त्या वेळचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी आमच्या पाथरीसाठी, साईबाबांचे जन्मस्थान म्हणून, १०० कोटी रुपये जाहीर केले. बातमी गावात आली तेव्हा मी शाळेतून घरी चाललो होतो. वाटेतल्या हॉटेलाच्या बाकावर पाच-सहा मंडळी आधीच बसली होती आणि शंभर कोटी खर्चून झाले होते! एकाने भक्तनिवास बांधला, दुसऱ्याने रस्ते रुंद केले, तिसऱ्याने गावभर बंदिस्त गटारे घातली. मीही चहाच्या एका कपावर एक ग्रंथालय उभे करून घेतले. कागदावरचा पैसा खर्चायला कोणाचे काय जाते?

पुढे काय झाले ते वाचकांना ठाऊक आहेच. शिर्डीकरांना ‘जन्मस्थान’ हा शब्द बोचला. बाबांनी आपली जात, गाव, कूळ कधी सांगितले नाही, मग सरकारने ते का सांगावे, असे त्यांचे म्हणणे. पाथरीकरांचा आधार होता तो विश्वास खेर यांनी केलेल्या शोधाचा आणि भुसारी घराण्याशी त्यांनी जोडलेल्या धाग्याचा. त्यावरूनच इथे स्मारक मंदिर उभे राहिले होते. १९ जानेवारीला शिर्डीने बंद पाळला, मंदिर मात्र उघडे ठेवले. त्याच रात्री बंद मागे घेतला गेला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत बैठक झाली. पाथरीच्या विकासाला आमचा विरोध नाही, जन्मस्थान म्हणण्याला आहे, असे शिर्डीचे लोक म्हणाले. थोडक्यात, पैसा राहिला, शब्द गेला. दोनच महिन्यांत करोनाची टाळेबंदी आली आणि दोन्ही गावांतल्या देवळांना कुलपे लागली.

गंमत अशी की, ‘हे आमच्या पूर्वजांचे गाव’ या एका वाक्यावरून पाथरीसाठी भांडण होण्याची ही काही पहिलीच वेळ नव्हे. फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ पाथरीच्या कुलकर्णी घराण्यात होते. या घराण्यातला तिमाप्पा नावाचा मुलगा विजयनगरच्या मुलखात बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला, मलिक हसन म्हणून दरबारात वाढला. त्याचाच मुलगा अहमद हा निजामशाहीचा संस्थापक. अहमदचा मुलगा बुऱ्हाण गादीवर आला तेव्हा पाथरी वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. बुऱ्हाणने निरोप धाडला : आमच्या वाडवडिलांचे गाव आम्हाला द्या, बदल्यात याहून जास्त उत्पन्नाचा मुलूख घ्या. इमादशहाने नकार दिला, वर गावाची तटबंदी पक्की करू लागला. मग १५१८ साली बुऱ्हाणने पाथरी लढून घेतली आणि आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम करून दिली. पाचशे वर्षांनी पुन्हा नगर जिल्हा आणि पाथरी समोरासमोर आले. या खेपेला तलवारी नव्हत्या, दुकानांची शटरे होती, एवढाच काय तो फरक.

मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिकपुरते शिकलेला आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा शाळामास्तर. पण त्या दिवसांत एक गोष्ट मला सारखी टोचत राहिली. गावाचा जन्म कुणाच्या नावाशी जोडायचा यावर सगळे तावातावाने बोलत होते. तो पैसा कशावर, कुणाला विचारून खर्च व्हायचा यावर मात्र बाकावरच्या गप्पांपलीकडे फारसे कुणी बोलत नव्हते. आणि हा दुसरा प्रश्न तर आपल्या महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वीच मोठ्या जिद्दीने विचारला गेला होता.

मुंबईचे उदाहरण घ्या. १८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार आर्थर क्रॉफर्ड या म्युनिसिपल कमिशनरच्या हाती आला. माणूस धडाडीचा. त्याने रस्ते केले, गटारांना हात घातला, घाण हटवली. १८६९ साली त्याच्या नावाचे प्रसिद्ध मार्केट उभे राहिले. पण हात इतका सैल की तिजोरी रिकामी झाली. घरपट्टी भरणारे चिडले. १८७१ साली या उधळपट्टीविरुद्ध मोठी चळवळ झाली. फिरोजशहा मेहता तेव्हा विशी ओलांडलेले तरुण बॅरिस्टर. त्यांनी क्रॉफर्डची बाजू घेऊन लोकांचा रोष ओढवून घेतला, पण इलाज म्हणून लोकांनी निवडलेले सभासद हवेत हेही तेच सांगत होते. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची कॉर्पोरेशन झाली आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडून द्यायचे ठरले. मुंबईकरांना मत मिळाले ते असे, खर्चाच्या हिशेबावरून झालेल्या भांडणातून.

पुण्याची कथा मला याहून जवळची वाटते. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. सभासद ३२. १८८० साली व्हाइसरॉयच्या पुणेभेटीसाठी एक हजार रुपये खर्चायचा ठराव आला. आता सांगा, लाटसाहेब दारात येणार, नेमणूक सरकारनेच केलेली. अशा वेळी कोण नाही म्हणणार? एकट्या जोतीरावांनी विरोधात मत दिले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे. ठराव अर्थातच मंजूर झाला.

पुढे भव्य मंडईची योजना निघाली. पुण्याची भाजी तेव्हा शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात विकली जाई. एवढा मोठा खर्च इमारतीवर कशाला, तो शिक्षणाकडे वळवा, असे म्हणत जोतीरावांनी तिलाही विरोध केला. त्यांना बांधकामातले काय कळते, असे मात्र कुणाला म्हणता येत नव्हते. ते स्वतः कंत्राटदार; खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी साहित्य पुरवलेले. दगडाचा आणि चुन्याचा भाव त्या सभागृहात त्यांच्याइतका क्वचितच कुणाला माहीत असेल. तरीही मंडई झाली. १८८६ साली ती सुरू झाली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव लागले.

मला विचाराल तर हजार रुपयांबाबत जोतीरावांचे शंभर टक्के खरे होते. मंडईबाबत मी इतका ठाम नाही. उन्हापावसात बसणाऱ्या माळणीच्या डोक्यावर छप्पर आले, हेही काही थोडे नव्हे. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना रे मार्केटची ‘महात्मा फुले मंडई’ झाली. आणि मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही पुढे महात्मा जोतिबा फुले यांचेच नाव दिले गेले! एक मंडई त्यांनी नको म्हटलेली, दुसरी करदात्यांच्या डोळ्यांत सललेल्या कारभाराची. दोन्हींवर आज त्यांचीच पाटी आहे. जोतीरावांनी हे पाहिले असते तर ते हसले असते की संतापले असते, कोण जाणे.

आमच्या मराठवाड्यात ही सवय उशिरा आली. निजामाच्या राज्यात खर्चाचा जाब विचारायची सोय नव्हती. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य गेले; त्यानंतर कुठे प्रौढ मताने निवडलेली नगरपालिका आमच्या वाट्याला आली. म्हणून की काय, आमच्याकडे अजून ‘निधी मिळाला’ म्हणतात. जणू कुणीतरी दान दिले!

तर त्या जानेवारीतल्या एका संध्याकाळी मी पुन्हा त्याच बाकावरून उठून घरी चाललो होतो. जुन्या गावातल्या गल्ल्या अरुंद. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीने मागे सरावे लागते. एका ओट्यावर शेजारची म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. तिने हाक मारली, “मास्तर, लई पैसा आलाय म्हणं?”

मी म्हणालो, “हो आजी. शंभर कोटी. रस्ते मोठे होणार.”

तिने सूप खाली ठेवले. गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि विचारले, “मोठे म्हंजी कुणीकडून? माझ्या बाजूनं का समोरच्या?”

मी शाळेत रोज दीडशे पोरांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. तिला म्हणालो, “विचारून सांगतो.”

कुणाला विचारायचे, हे तेव्हाही मला ठाऊक नव्हते. पुढे बरेच दिवस मी घरी जायला पलीकडच्या गल्लीतून वळसा घेत असे.