अर्ध्या सेकंदाचा उशीर

एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आपण कशावर किती विसंबून आहोत, हे तो आधार सुटल्यावरच कळते. संगणकाच्या आज्ञावल्यांचेही असेच आहे. मात्र तेथे कित्येकदा नको असलेले आधारही नकळत येऊन बसतात.

लिनक्सवरील आज्ञावली सगळी कामे स्वतः करीत नाही. फाईल दाबून लहान करणे यासारख्या कामांसाठी ती तयार आज्ञांचा संच, म्हणजे लायब्ररी, वापरते. त्या लायब्ररीला पुन्हा दुसरी लायब्ररी लागते. शेजाऱ्याकडे हातोडी मागावी आणि सुताराची सारी पेटीच घरात यावी, तसे होते.

‘ओपनएसएसएच’ ही दूरच्या संगणकात सुरक्षितपणे प्रवेश देणारी आज्ञावली. तिला एक्सझेड पद्धतीने फाईल दाबण्याची गरज नाही. पण डेबियन, फेडोरा इत्यादी वितरणांनी तिला एक सोय जोडली: सुरू होताच तिने ‘मी तयार आहे’ असा निरोप ‘सिस्टमडी’ या व्यवस्थापकाला द्यावा. एवढ्यासाठी सिस्टमडीची लायब्ररी घेतली गेली. ती नोंदी दाबून ठेवते, म्हणून तिच्यामागून ‘एक्सझेड’ची लायब्ररीही आली.

एक्सझेड लासे कॉलिन हे गृहस्थ अनेक वर्षे जवळजवळ एकट्याने, विनामोबदला सांभाळत होते. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ मदत करून विश्वास मिळवला आणि फेब्रुवारी २०२४ मधील ५.६.० या आवृत्तीत चोरवाट दडवली. विशिष्ट किल्ली असणाऱ्याला त्या वाटेने परक्या संगणकावर ताबा मिळाला असता.

मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते वेगाची मोजमापे घेत होते. प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्यांना खटकले. त्यांनी मूळ शोधले आणि २९ मार्चला ते जाहीर केले. बहुतेक स्थिर वितरणांत ती आवृत्ती तोवर पोचली नव्हती, म्हणून मोठा अनर्थ टळला.

पुढची दुरुस्ती साधी होती. तो निरोप चार-दोन ओळींत देता येतो. त्यासाठी पूर्ण लायब्ररी नकोच. जुलै २०२४ मधील ओपनएसएसएच ९.८ ने तो स्वतःच द्यायला सुरुवात केली. सिस्टमडीत तर याच दिशेचे काम आधीच सुरू होते. जून २०२४ मधील २५६ व्या आवृत्तीपासून दाबण्याच्या लायब्रऱ्या गरज पडेल तेव्हाच बोलावल्या जातात.

आपल्या शाळेत लिनक्सचा संगणक असेल, तर ‘एलडीडी’ ही आज्ञा देऊन एखादी आज्ञावली कोणकोणत्या लायब्रऱ्यांवर उभी आहे, ते मुलांना मोजू द्यावे. यादी हाती आली की एकच प्रश्न विचारावा: यातले कोण कशासाठी आले आहे? आणि अर्ध्या सेकंदाचा फरक ‘किरकोळ’ म्हणून सोडणारा विद्यार्थी वर्गात असेल, तर त्याला फ्रॉइंड यांची ही हकीकत जरूर सांगावी.