१९६१ पूर्वी तुमचे आजोबा कुठे होते? बीडमधील कागद नसलेल्या विद्यार्थ्याची गोष्ट

आजचा धागा एका तारखेविषयी आहे : २१ नोव्हेंबर १९६१.

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ही तारीख सापडणार नाही. त्या दिवशी ना लढाई झाली, ना तह. तरीही बीड जिल्ह्यातील एखादा वैदू, वडार, कैकाडी किंवा बंजारा विद्यार्थी बारावीनंतर महाविद्यालयात जातो आणि शिष्यवृत्तीच्या खटपटीला लागतो, तेव्हा ही तारीख त्याच्या वाटेत उभी राहते. त्या दिवशी किंवा त्यापूर्वी आपले पूर्वज महाराष्ट्रात वास्तव्यास होते आणि अमुक जातीचे होते, हे त्याने कागदाने सिद्ध करायचे असते. कार्यालयीन भाषेत याला ‘मानीव दिनांक’ म्हणतात. अनुसूचित जातींसाठी तो १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१.

मित्रहो, अमेरिकेत कागदपत्रांविना राहणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांना सरकारी पैशाने शिकू द्यावे का, हा वाद आपण बातम्यांत वाचतो. १९८२ साली ‘प्लायलर विरुद्ध डो’ या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेचे दार अशा मुलांना बंद करता येणार नाही, असे ठरवले. महाविद्यालयाचा प्रश्न मात्र मोकळाच राहिला. २००१ मध्ये टेक्सासने त्यांना राज्यातील रहिवाशांइतकीच फी लावली, २०११ मध्ये कॅलिफोर्नियाने सरकारी अर्थसाहाय्यही खुले केले, आणि २०२५ च्या जूनमध्ये टेक्सासची ती सवलत न्यायालयातच संपुष्टात आली. तिथे प्रश्न सीमा ओलांडल्याचा आहे. आपल्याकडचा विद्यार्थी कुठलीही सीमा न ओलांडता तशाच रांगेत उभा राहतो. हा फरक मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो.

आधी पैशाचा इतिहास थोडक्यात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४-४५ मध्ये, इंग्रज अमदानीतच, अनुसूचित जातींसाठी सुरू झाली. डॉ. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. १९४८-४९ मध्ये ती अनुसूचित जमातींना लागू झाली. मराठवाड्यात उच्च शिक्षणाच्या सोयीच तुटपुंज्या होत्या. १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय औरंगाबादला उघडले (पुढचे मिलिंद महाविद्यालय) आणि विद्यापीठ आले १९५८ मध्ये. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागासांना फी सवलत दिली, तिचा निकष उत्पन्नाचा होता. भटक्या-विमुक्तांचे मात्र देशपातळीवर घटनात्मक स्थानच नव्हते. एकच जमात एका राज्यात अनुसूचित, दुसऱ्यात मागास, तिसऱ्यात कुठेच नाही. महाराष्ट्राने स्वतंत्र यादी करून त्यांना सवलती दिल्या, हे श्रेय त्या निर्णयाला द्यायलाच हवे. आडकाठी यादीने आणलेली नाही, ती आली यादीला जोडलेल्या पुराव्याने.

आता मूळ प्रश्न. १९६१ पूर्वीचा कागद म्हणजे नेमका कोणता?

बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. महसुलाचा कारभार उर्दूत, सालाची गणना फसलीत. कागद जमिनीभोवती तयार होत असे. ज्याच्याकडे शेत, त्याचे नाव. मराठवाड्यात आजही ज्याला महत्त्व आहे ते १९५४-५५ च्या सुमाराचे खासरा पत्रक घ्या. त्यातही नोंद शेताची आणि शेत कसणाऱ्याची. दुसरा मोठा पुरावा शाळेच्या प्रवेश निर्गम नोंदवहीतला उतारा, आणि त्यासाठी आजोबांनी शाळेची पायरी चढलेली असायला हवी. तिसरा जन्म-मृत्यूच्या नोंदीचा, पण संपूर्ण देशासाठी एकसमान नोंदणी कायदा झाला तोच १९६९ मध्ये. पालावर जन्मलेल्या, दगड फोडत किंवा जडीबुटी विकत गावोगाव फिरणाऱ्या माणसाचे नाव या तिन्ही ठिकाणी येण्याचे कारण नव्हते.

चौथी एक नोंदवही होती. पोलिसांची.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी समूहच्या समूह जन्मजात गुन्हेगार ठरवले. १९११ च्या सुधारित कायद्याने त्याचा आवाका मुंबई इलाख्यापर्यंत वाढला. सोलापुरात तारेच्या कुंपणातील वसाहत उभी राहिली. निजामाच्या मुलखातही हे लोण पोहोचले होते. बैलांच्या तांड्यावर मीठ आणि धान्य वाहणाऱ्या लमाणांचा व्यापार कसा मोडला आणि त्यांच्यावर संशयाचा शिक्का कसा बसला, याचा इतिहास भंग्या भुक्या यांनी सविस्तर लिहिला आहे. हजेरी, फिरण्याचे परवाने, नोंदी या सगळ्याची लेखी व्यवस्था होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. ज्या राज्यसंस्थेने आजोबांची हजेरी घेतली, तीच आता नातवाला विचारते की ते कुठे होते. निजामकालीन दप्तराचा मोठा भाग आज हैदराबादच्या अभिलेखागारात आहे. माजलगावच्या किंवा पाटोद्याच्या विद्यार्थ्याने तिथे जाऊन उर्दू बाडे चाळावीत, ही अपेक्षा कोणी उघडपणे करत नाही, पण नियमाचा अर्थ जवळजवळ तोच होतो.

त्यात १९५६ ची भर. १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले : मराठवाडा मुंबई राज्यात, बीदर-गुलबर्गा म्हैसूरमध्ये, तेलंगण आंध्रात. तोवर बीदरहून बीडला येणारा भटका एकाच राज्यात फिरत होता. रेघ आखली गेली आणि ज्यांचा एकुलता एक जुना कागद बीदरकडचा, ते कागदावर परराज्यातले ठरले. पुढे १९९० मध्ये, आंध्रातून वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईत आलेल्या मर्री चंद्रशेखर राव या विद्यार्थ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्वाळा दिला की अनुसूचित जातीजमातीचा दर्जा माणसाबरोबर राज्याची हद्द ओलांडत नाही. राखीव जागा मूळ राज्यात मागावी. ज्यांना मूळ गावच नाही, त्यांना हा न्याय कसा लावायचा, हा प्रश्न त्या खटल्यापुढे नव्हता.

पुरावा कडक का झाला, याचीही बाजू आहे. खोट्या दाखल्यांवर वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या जागा लाटल्या गेल्या, हे खरेच घडले. १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यात न्यायालयाने पडताळणीची सविस्तर पद्धत घालून दिली आणि महाराष्ट्राचा जात प्रमाणपत्र कायदा ऑक्टोबर २००१ पासून अंमलात आला. सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर टाकली गेली. मला इथे कायद्याचा हेतू दोषी वाटत नाही. पण चलाख माणूस कागद तयार करून आणतो आणि ज्याच्याकडे कधीच कागद नव्हता तो बाहेर राहतो, ही चाळणीची रीत नीट म्हणता येणार नाही.

तुलनेसाठी २०२३ पाहा. मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. उर्दू आणि मोडीतले दप्तर उघडले गेले. पहिल्या टप्प्यात पावणेदोन कोटींच्या आसपास कागद तपासून साडेअकरा हजारांच्या आसपास नोंदी मिळाल्या. त्या वादाच्या राजकारणात मी जात नाही. अभ्यासक म्हणून एवढेच टिपतो की राज्य स्वतः दप्तर धुंडाळू शकते, हे तेव्हा दिसले. मात्र शेत असणाऱ्यांसाठी धुंडाळायला दप्तर तरी होते.

बीडची ओळख ऊसतोडीची. दिवाळीच्या आसपास कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या कामगारांचीही कित्येक दशके कुठल्या सरकारी वहीत नोंद नव्हती, कारण व्यवहार मुकादमाशी, तोही बहुधा तोंडी. २०२१ मध्ये त्यांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली आणि कामगारांना ओळखपत्र देण्याचे काम ग्रामसेवकाकडे आले. इथे पुरावा चालू वर्षाच्या कामाचा आहे, साठ वर्षांपूर्वीच्या वास्तव्याचा नाही. भटक्या-विमुक्तांच्या बाबतीत असा विचार नियमांना अगदीच अपरिचित नाही. कागद अपुरे असतील तर दक्षता पथकाने घरी जाऊन चौकशी करावी, नातेवाईक आणि गावकऱ्यांचे जबाब घ्यावेत, अशी सोय आहे.

पण पथक डिसेंबरात आले, तर पालावर म्हातारीशिवाय कोणी नसते. बाकीचे सगळे फडावर.