‘आशिया’ लघुग्रह : शोध, कक्षा आणि नामकरण

मंगळ व गुरू यांच्या कक्षांदरम्यानच्या लघुग्रहांना विल्यम हर्शेल याने १८०२ साली ‘अ‍ॅस्टरॉइड’, म्हणजे ‘ताऱ्यासारखे’, असे संबोधिले. आपली ‘लघुग्रह’ ही संज्ञा रूप न सांगता कूळ सांगते व ती अधिक नेमकी आहे. तथापि शोधाचा इतिहास समजून घ्यावयाचा, तर ग्रीक धातूचीच संज्ञा उपयोगी पडते; कारण दुर्बिणीतही हे पदार्थ ताऱ्यांप्रमाणे बिंदुवतच दिसत, आणि शोधकाची सारी अडचण येथेच होती.

नॉर्मन रॉबर्ट पॉगसन हा १८६१ च्या फेब्रुवारीत मद्रास वेधशाळेवर रुजू झाला. ऑक्सफर्ड येथे त्याने पूर्वीच तीन लघुग्रह शोधले होते. छायाचित्रणाने लघुग्रह सापडू लागले ते १८९१ पासून. तोवर आकाशाच्या एखाद्या लहानशा भागाचा नकाशा पुढे ठेवून एकेक तारा पडताळावयाचा, आणि नकाशाबाहेरचा बिंदू आढळल्यास तो पुढील रात्री सरकतो काय हे पाहावयाचे, एवढाच मार्ग होता. सापडते ती वस्तू नव्हे, तर गती! १७ एप्रिल १८६१ रोजी पॉगसनला असा बिंदू मिळाला. अनुक्रमात तो ६७ वा.

थोड्या वेधांवरून कक्षा काढण्याची रीत गाउसने १८०१ मध्येच सिद्ध केली होती. आजच्या गणिताप्रमाणे ‘आशिया’चे सूर्यापासून मध्यम अंतर पृथ्वीच्या २.४२ पट, म्हणजे सुमारे ३६ कोटी किलोमीटर आहे. कक्षेची विकेंद्रता ०.१८५ असल्याने हे अंतर १.९७ ते २.८७ पटींच्या दरम्यान बदलते. एका प्रदक्षिणेस पावणेचार वर्षांहून किंचित अधिक काळ लागतो. पारोळ्यासारख्या गावी अमावास्येच्या रात्रीही तो नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही.

आशिया खंडातून सापडलेला हा पहिला लघुग्रह. म्हणून हे नाव. ग्रीक पुराणांत याच नावाची एक जलदेवताही आहे, त्यामुळे देवतानामांचा तत्कालीन संकेतही मोडला नाही. खंडाचा मान राखला गेला खरा, पण ग्रीक देवतांच्या पंगतीत! मद्रासहून पॉगसनला पुढे सॅफो, सिल्व्हिया, कॅमिला आणि १८८५ मध्ये व्हेरा हे लघुग्रह सापडले. एकही नाव येथल्या भाषांतले नव्हे.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे भारतातून लघुग्रह सापडला नाही. १७ फेब्रुवारी १९८८ रोजी तमिळनाडूतील कावलूर वेधशाळेत आर. राजमोहन यांना जो गवसला, त्याचा क्रमांक ४१३०. त्या शोधमोहिमेचे नाव ‘कल्की’ होते. लघुग्रहाला ‘रामानुजन’ हे नाव देण्यात आले.